कर्मवीर भाऊराव पाटील आणि त्यांचे वसतिगृह

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, हा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. असे चरित्र बहुधा आपल्याच ज्ञातीतील एखाद्या कर्त्या पुरुषाचे असते, आणि ते स्वाभाविकच आहे. घरच्या वडीलधाऱ्यांची आठवण घरच्यांनी ठेवावयाची नाही तर कोणी ठेवावयाची? यंदा मात्र आम्ही ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो ते आपल्या ज्ञातीतील नव्हेत. इतकेच नव्हे, तर ज्ञातीच्या वसतिगृहातून ज्यांना एके काळी बाहेर पडावे लागले, आणि ज्यांनी पुढे सर्व ज्ञातींच्या मुलांसाठी एकच चूल पेटविली, असे ते पुरुष आहेत. ते म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील.

ही निवड आम्ही का केली, हे प्रारंभीच सांगणे बरे. तेरखेड्याची आणि आसपासच्या गावांची आपली मुले आता शिक्षणासाठी धाराशिव, बार्शी, लातूर, सोलापूर, पुणे अशा ठिकाणी जातात. गावात फटाक्यांच्या धंद्यावर किंवा कोरडवाहू शेतीवर पोट भरणाऱ्या बापाला शहरातील खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे भरता भरता किती ओढाताण सोसावी लागते, हे आपल्या कुटुंबांस निराळे सांगावयास नको. म्हणूनच मंडळाने शहरात आपले एक वसतिगृह उभारावे, हा विषय सभांतून वरचेवर निघतो, आणि निघाला की दोन प्रश्नांपाशी येऊन अडतो. त्यात केवळ आपल्या ज्ञातीचीच मुले घ्यावयाची की इतरांचीही? आणि त्याचा कारभार कोणी पाहावयाचा? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या पुरुषाने व्याख्याने देऊन नव्हे, तर स्वतःचा संसार पणाला लावून दिली, त्याचे चरित्र अशा वेळी वाचण्यासारखे आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी झाला. वडिलांचे नाव पायगोंडा आणि आईचे गंगाबाई. हे घराणे दिगंबर जैन असून त्यांचे मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक होते. वडील सरकारी नोकरीत कारकून असल्यामुळे बदलीच्या गावी बिऱ्हाड हलवावे लागे, आणि त्यामुळे भाऊरावांचे बालपण एका गावी गेले नाही. अभ्यासात ते फार चमकले नाहीत. परंतु अंगात धाडस होते आणि अन्याय दिसला की तो मुकाट्याने पाहात बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. गावच्या विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत, हे पाहून त्यांनी बालवयातच तिचा रहाट मोडून टाकला, अशी हकीकत त्यांच्याविषयी सांगतात. पुढच्या आयुष्याकडे पाहता ती त्यांना शोभणारी खरीच.

१९०२ च्या सुमारास ते इंग्रजी शिक्षणासाठी कोल्हापुरास आले आणि राजाराम हायस्कुलात दाखल झाले. त्या वेळचे कोल्हापूर कसे होते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. कारण भाऊरावांच्या मनातील वसतिगृहाचे बीज तेथेच पडले. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले होते. परंतु त्याचा लाभ मुख्यतः एकाच वर्गाच्या मुलांना होऊ लागला आणि मागासलेल्या समाजांची मुले तेथे टिकेनात, असा त्यांना अनुभव आला. तेव्हा महाराजांनी मार्ग बदलला. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांसाठी आपले वसतिगृह काढावे, त्याचा कारभार आपल्याच मंडळींकडे ठेवावा, आणि दरबाराने जागा, इमारत आणि वार्षिक नेमणूक देऊन त्यास हातभार लावावा, असे धोरण त्यांनी आखले. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले, मागोमाग जैनांचे निघाले, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांचे, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांचे मिस क्लार्क वसतिगृह, आणि पुढे इतर अनेक समाजांची निघाली. कोल्हापुरास विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते याच कारणाने. एकाच शहरात निरनिराळ्या समाजांची ही छोटी छोटी स्वायत्त घरे उभी राहिली, आणि ज्या खेड्यांतून मॅट्रिक झालेला माणूस औषधालाही सापडत नव्हता, त्या खेड्यांतून वकील, शिक्षक आणि अंमलदार निघू लागले.

ज्ञातीच्या वसतिगृहांना आज सरसकट नावे ठेवणे सोपे आहे. परंतु ज्याला शहरात कोणी खोली देत नव्हते, ज्याला दुसऱ्याच्या पंक्तीस बसू देत नव्हते, त्याला आपल्या माणसांच्या छपराखाली केवढा धीर मिळाला असेल, याचा विचार नावे ठेवणाऱ्यांनी केला पाहिजे. मुंबईतही हाच अनुभव येतो. १९१५ साली गावदेवीस श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी आपल्या सारस्वत ज्ञातीच्या कुटुंबांसाठी सहकारी तत्त्वावर घरे बांधली. तेथे भाडेकरू तोच मालक आणि मालक तोच कारभारी, असा बेत होता. आज आपल्या देशातील लहानमोठ्या शहरांतून ज्या असंख्य सहकारी गृहरचना संस्था दिसतात, त्यांचा प्रारंभ अशा ज्ञातीच्या एकोप्यातून झाला. तात्पर्य, आपल्या माणसांनी एकत्र येऊन आपले घर आपण चालविणे, यात कमीपणाचे काहीही नाही.

परंतु त्या घराचा दरवाजा कोणाच्या तोंडावर लावला जातो, हा प्रश्न उरतोच. भाऊरावांपुढे तो फार लवकर उभा राहिला.

ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहात होते. अण्णासाहेब लठ्ठे हे त्या वेळी तेथील व्यवस्थापक. लठ्ठे मोठे विद्वान आणि समाजाच्या उन्नतीसाठी झटणारे गृहस्थ होते. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले आणि मुंबई इलाख्याचे अर्थमंत्रीही झाले. १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृहाचा समारंभ झाला, त्यास भाऊराव हजर राहिले. परत आल्यावर, अस्पृश्यांमध्ये मिसळून आल्याबद्दल स्नान करून शुद्ध व्हावे आणि मगच भोजनास बसावे, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी ते साफ नाकारले. आपण काही अपवित्र कृत्य केलेले नाही, मग शुद्धी कशाची, असा त्यांचा रोकडा सवाल होता. वसतिगृहाची शिस्त एका बाजूस आणि या तरुणाचा हट्ट दुसऱ्या बाजूस, अशी गाठ पडली, आणि भाऊरावांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे काही काळ शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांची सोय झाली. परंतु शालेय शिक्षण मात्र मॅट्रिकपर्यंतही पोचले नाही.

या प्रसंगाचा उत्तरार्ध आमच्या मते पूर्वार्धाहून मोठा आहे. १९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला, आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. ज्याने आपणांस वसतिगृहातून घालविले त्याचा सूड उगविण्याची याहून सोयीची संधी कोणास मिळाली असती? परंतु भाऊरावांनी खोटी साक्ष देण्याचे नाकारले. त्यासाठी तुरुंगवास पत्करला, छळ सोसला. तो इतका असह्य झाला की जीव देण्यापर्यंत त्यांची मजल गेली. तरीही त्यांच्या तोंडून हवी ती साक्ष निघाली नाही. ज्ञातीतील माणसाशी मतभेद असणे निराळे आणि त्याचा घात करणे निराळे, हा भेद त्यांनी प्राणपणाने सांभाळला. ज्ञातीमंडळांतील लहानसहान वाद वर्षानुवर्षे मनात धरणाऱ्या आम्हां सर्वांस यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

शाळा सुटल्यावर भाऊरावांनी अनेक उद्योग केले. साताऱ्यास शिकवण्या केल्या. तेथे लोक त्यांना पाटील मास्तर म्हणून ओळखू लागले. पुढे ओगल्यांच्या काचसामानाची आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची विक्री करीत ते गावोगाव हिंडले. या फिरतीचा त्यांना पैशापेक्षा निराळाच लाभ झाला. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून नांगराचा भाव सांगताना त्याच्या घरची स्थिती त्यांच्या नजरेस पडे. मुलगा हुशार आहे, पण गावची शाळा चौथीला संपते. पुढे तालुक्याला पाठवावे तर राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे काय? शाळा नाही म्हणून मुले अडाणी राहतात, हे तर खरेच. परंतु शाळा असूनही निवारा नाही म्हणून कितीतरी अधिक मुले अडाणी राहतात, हे त्यांनी ओळखले. शिक्षणाचा प्रश्न हा आधी निवाऱ्याचा आणि भाकरीचा प्रश्न आहे, ही त्यांची खूणगाठ येथे बसली. वारणाकाठी दुधगाव येथे मित्रांच्या साहाय्याने त्यांनी विद्यार्थी आश्रम काढून पाहिला होताच. आता तोच विचार मोठ्या प्रमाणावर अमलात आणण्याचे त्यांनी ठरविले.

सप्टेंबर १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली. तीत बहुजन समाजाच्या शिक्षणासाठी संस्था काढण्याचा विचार पुढे आला, आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. प्रारंभ वसतिगृहानेच झाला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. काले येथे आणि नंतर नेर्ले येथे लहान वसतिगृहे निघाली. १९२४ साली संस्थेचे मुख्य ठिकाण साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले.

ज्या काळात एका विहिरीवर दोन जातींच्या घागरी लागत नव्हत्या त्या काळात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी, धनगर अशा घरची मुले एका छपराखाली झोपणे, एका चुलीवरचे अन्न खाणे, ही गोष्ट सातारसारख्या जुन्या राजधानीच्या शहराला सहज पचणारी नव्हती. मुलांच्या बापांची समजूत घालावी लागे. काहींनी मुले परत नेली. तशात भाऊरावांपाशी ना जहागीर होती ना सरकारी पदवी. त्यांच्यापाशी होती ती एक योजना: ज्या घराला नोकरचाकर परवडत नाहीत त्या घराची कामे घरच्यांनीच करावयाची असतात. तेव्हा या घरातील मुलांनी पहाटे उठावे, पाणी भरावे, सरपण फोडावे, दळण दळावे, भाकऱ्या थापाव्या, पंक्ती वाढाव्या, भांडी घासावी, झाडलोट करावी आणि मग शाळेस जावे. सुटीच्या दिवशी शेतात राबावे. पुढे पुढे तर मुलांनी जमिनी लागवडीस आणल्या आणि संस्थेच्या इमारतींसाठी दगडमातीही वाहिली.

या व्यवस्थेत दोन गोष्टी आपोआप साधल्या. पहिली ही की गरिबाच्या मुलाला आपण कोणाच्या दयेवर जगतो असे वाटेना. आपण खातो ती भाकरी आपल्या श्रमाची आहे, याचा त्यास अभिमान वाटू लागला. दुसरी त्याहून मोलाची. जातिभेद मोडावा म्हणून भाऊरावांनी मुलांना रोज उपदेश केला असता तर तो एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून दिला गेला असता. परंतु आज ज्याने पीठ दळले त्याच्या पिठाची भाकरी उद्या दुसऱ्याने थापावयाची आणि ती सर्वांनी खावयाची, असा नेम पडल्यावर विटाळ धरावयाचा तरी कोठे? कामाच्या पाळीने जे केले ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते. आणि जेथे मुलेच दळतात, रांधतात आणि वाढतात तेथे डब्यात पीठ किती उरले हे व्यवस्थापकाइतकेच धाकट्यातल्या धाकट्या मुलालाही ठाऊक असते. अशा घरात लपवाछपवी चालत नाही. ज्याच्यावर जबाबदारी टाकली तो जबाबदार होतो, हे साधे तत्त्व भाऊरावांनी दहा-बारा वर्षांच्या पोरांवर आजमावून पाहिले.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एकत्र राहतात, जेवतात, हे पाहून गांधीजींना मोठे कौतुक वाटले. नावाचा विचार केला तर त्यातही भाऊरावांचे मन दिसते. ज्या राजाने प्रत्येक समाजाला आपापले वसतिगृह दिले, त्याच राजाचे नाव त्यांनी सर्व समाजांच्या एकत्र वसतिगृहास दिले. त्यांना महाराजांचा मार्ग खोडावयाचा नव्हता. महाराजांनी जेथवर रस्ता करून दिला तेथून पुढचे पाऊल टाकावयाचे होते. पुढे हे वसतिगृह साताऱ्याच्या धननीच्या बागेत स्थिरावले आणि भाऊरावांच्या नावाशी ती बाग कायमची जोडली गेली.

या सर्व कार्यात ज्या माउलीने स्वतःस झिजविले तिचा उल्लेख केल्याशिवाय हे चरित्र अपुरे राहील. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या कुंभोजच्या सधन पाटील घराण्यातील. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात त्या वाढलेल्या. ज्या मुलांची सावलीही वर्ज्य मानावी असे त्यांना लहानपणापासून शिकविले गेले, ती मुले पती घरात घेऊन येई आणि त्यांस न्हाऊमाखू घालण्यास सांगे. प्रारंभी त्यांच्या मनाची किती घालमेल झाली असेल! परंतु ती मुले त्यांची झाली आणि त्या मुलांची आई झाल्या. वसतिगृहात धान्य संपले की त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना सोनाराकडे जाई. शेवटी एके दिवशी काहीच उरले नाही तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. १९३० साली त्या निवर्तल्या. संस्थेचा वटवृक्ष पुढे सर्वत्र पसरला तो पाहावयास त्या राहिल्या नाहीत. भाऊराव मोठे झाले त्याची अर्धी किंमत या बाईने भरली, असे म्हणण्यात यत्किंचितही अतिशयोक्ती नाही. आपल्या मंडळाच्या सभांतून स्त्रियांची बैठक मागे एका कोपऱ्यात असते, आणि मुदपाकखाना मात्र त्यांच्याकडे असतो. त्या संबंधात आमच्या बंधूंनी या गोष्टीचा विचार करावा.

१९३२ साली गांधीजी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यात पुण्यास जो करार झाला, त्याची स्मृती म्हणून भाऊरावांनी पुणे शहरात युनियन बोर्डिंग काढले. खेड्यातील गरीब मुलांनी पुण्यात राहून उच्च शिक्षण घ्यावे, आणि तेही निरनिराळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहून, असा त्यांचा हेतू होता. शहर मोठे असले म्हणजे तेथे मन मोठे असतेच असे नाही. खोली मागावयास गेलेल्या मुलाला आडनाव आधी विचारले जाई. अशा शहरात आडनाव न विचारणारे एक घर असणे, ही केवढी गोष्ट होती, हे ज्यांनी तो प्रश्न ऐकला आहे त्यांनाच समजेल.

त्यानंतरची संस्थेची वाढ फार मोठी आहे. येथे ठळक गोष्टीच सांगतो. खेड्यांत शिक्षक हवेत म्हणून १९३५ साली साताऱ्यास अध्यापकांचे विद्यालय निघाले. ज्या खेड्यांत शाळा नव्हत्या तेथे व्हॉलंटरी शाळा निघाल्या. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तेथे मुलांनी श्रम करावे आणि फी न देता शिकावे, अशी व्यवस्था होती. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि कमवा व शिका ही योजना कॉलेजातही आली. या कॉलेजाचे नाव बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी देऊ करणाऱ्यास त्यांनी परत पाठविले, असे सांगतात. १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज झाले, आणि १९५५ साली साताऱ्यास आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन झाले. स्वतः मॅट्रिक न झालेल्या माणसाने कॉलेजे काढली, आणि त्यांची नावे देताना स्वतःचे नाव कोठेही येऊ दिले नाही.

पैशाची विवंचना त्यांना जन्मभर पुरली. गावोगाव घरटी मूठभर धान्य गोळा करण्याचा मुष्टिफंड त्यांनी चालविला. दाढी वाढलेले, खादीचे जाडेभरडे कपडे घातलेले, खांद्यावर घोंगडी टाकलेले भाऊराव दारात उभे राहिले की शेतकरी सुपातले धान्य देई, आणि बहुधा आपला मुलगाही देई. स्वातंत्र्यानंतर काही काळ सरकारशी खटका उडून संस्थेचे अनुदान बंद पडले होते. तेव्हा गाडगे महाराज त्यांच्या पाठीशी उभे राहिले. भाऊरावांचा स्वभाव तापट होता, शब्द तिखट होते, आणि एकदा मनाने घेतलेली गोष्ट सोडणे त्यांना ठाऊक नव्हते. हे दोषही सांगितले पाहिजेत. कारण दोष झाकून रंगविलेली चरित्रे वाचणाऱ्याला धीर देत नाहीत. थोर पुरुषही रागावतात, चुकतात, कर्जात बुडतात, आणि तरी हातचे काम सोडीत नाहीत, हे कळले म्हणजे सामान्य माणसालाही काही करून पाहावेसे वाटते.

१९५९ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण ही पदवी दिली आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट्. देऊन त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी ९ मे रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. तोवर संस्थेची ३८ वसतिगृहे झाली होती. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह आहे. वडाची फांदी जमिनीकडे पारंबी सोडते आणि ती पारंबी रुजली की तीच खोड होते, हे पाहिले म्हणजे हे चिन्ह किती समर्पक आहे ते कळते.

आपल्या भागापुरते बोलावयाचे तर १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शाळा थोड्या आणि शिक्षण मुख्यतः उर्दूतून, त्यामुळे मराठी शिक्षणासाठी सरहद्द ओलांडून जाण्यावाचून पुष्कळांस गत्यंतर नसे. बार्शीस कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ साली शिक्षणसंस्थेचा पाया घातला आणि भाऊरावांप्रमाणेच खेड्यातील मुलांसाठी वसतिगृह चालविले. सरहद्दीच्या अलीकडील आणि पलीकडील किती घरांत त्यामुळे पहिला शिकलेला माणूस निर्माण झाला! म्हणजे वसतिगृहाचे महत्त्व आपल्याला पुस्तकातून शिकावयाचे नाही. ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने अनुभवले आहे.

आता प्रारंभी सांगितलेल्या दोन प्रश्नांकडे वळतो. ते सुटले असे आम्ही म्हणणार नाही. वसतिगृह ज्ञातीचेच असावे, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पैसा ज्ञातीचा, गरजू मुले ज्ञातीतच ढीगभर. मग आधी घरच्यांची भूक भागवू नये काय? आम्हीही गतवर्षीपर्यंत याच मताचे होतो. शाहू महाराजांनीही तोच मार्ग आखला होता, हे आम्ही मुद्दाम वर विस्ताराने सांगितले. परंतु भाऊरावांचे चरित्र वाचीत गेलो तसतसे एक चित्र डोळ्यांपुढून हलेना. ज्ञातीच्या वसतिगृहातून बाहेर पडणारा तो एकवीस वर्षांचा तरुण. त्याच्या जागी उद्या आपलाच एखादा मुलगा असेल, किंवा आपल्या मुलाचा मित्र असेल, आणि दार लावणारे हात आपले असतील. त्या दिवशी वसतिगृहाची शिस्त राखली गेली, परंतु वसतिगृहातील सर्वांत मोठा विद्यार्थी गमावला गेला. असा तोटा कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

म्हणून आमची मंडळास नम्र सूचना अशी आहे. वसतिगृह अवश्य उभारावे. ते आपल्या ज्ञातीच्या वर्गणीतून उभारावे आणि त्याचा आपल्याला अभिमानही असावा. परंतु त्यातील काही जागा अन्य समाजांच्या गरीब मुलांसाठी पहिल्या दिवसापासून राखून ठेवाव्या. मागाहून वाढवू म्हणून ठेवलेली गोष्ट मागेच राहते. पंक्ती एकच असावी. स्वयंपाकाची, झाडलोटीची, हिशेबाची कामे पाळीने मुलांकडे द्यावी, म्हणजे खर्चही आटोक्यात राहील आणि मुलांना आपले घर आपण चालविण्याची सवयही लागेल. आणि हीच गोष्ट मुलींच्या वसतिगृहाविषयी लागू आहे. ते मागून होईल असे म्हणून त्याचा विचार टाळू नये.

घर बांधणे सोपे असते. त्यात कोण राहील हे ठरविणे कठीण असते. भाऊरावांनी ते कठीण काम केले, आणि त्यासाठी लागणारे सोने घरातल्या माणसाच्या अंगावरून उतरविले. आपल्याला इतके द्यावयाचे नाही. आपल्याला केवळ दाराची कडी थोडी सैल ठेवावयाची आहे. एवढे आपल्या हातून घडले तर या स्मरणिकेत कर्मवीरांचे चरित्र छापल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.